मदत हवी आहे: लुंडक्विस्टचे ३०/९९९ क्रमांकाचे कार्ड कोणाच्या पाहण्यात आले आहे का?

नमस्कार मंडळी,

आइस हॉकीची क्रमांकित कार्डे (ज्यांच्या प्रत्येक प्रतीवर तिचा क्रमांक छापलेला असतो) जमवणाऱ्या सर्वांना एक विनंती आहे. अप्पर डेक या कार्ड कंपनीच्या २००५-०६ च्या एसपी ऑथेंटिक संचातले गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्टचे स्वाक्षरी असलेले 'फ्युचर वॉच' रुकी कार्ड (पदार्पणाच्या हंगामातले कार्ड) मी बऱ्याच वर्षांपासून शोधते आहे. हे कार्ड तसे दुर्मीळ नाही. त्याच्या ९९९ प्रती निघाल्या आणि त्यांतली एखादी अधूनमधून विक्रीला येतेच. मला मात्र त्यांतली एकच प्रत हवी आहे, ती म्हणजे ३०/९९९, अर्थात ९९९ पैकी ३० वी. लुंडक्विस्ट १५ हंगाम आणि ८८७ सामने एनएचएल या उत्तर अमेरिकी आइस हॉकी लीगमधल्या न्यू यॉर्क रेंजर्ससाठी ३० नंबरची जर्सी घालून खेळला आणि २०२२ मध्ये संघाने तो नंबर त्याच्या सन्मानार्थ निवृत्त केला. २००० च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत) ज्याची निवड व्हायला सातवी फेरी उजाडली, २०५ वा क्रमांक आला, त्या गोलरक्षकाने मिळवलेला हा मान माझ्या संग्रहात त्याच आकड्यानिशी असावा, अशी मनापासून इच्छा आहे.

शोध अवघड होण्याचे कारण जाणकारांना ठाऊक असेलच. २००४-०५ चा एनएचएल हंगाम टाळेबंदीमुळे रद्द झाला आणि पुढच्या वर्षीच्या संचांत दोन हंगामांच्या नव्या खेळाडूंची मोठी गर्दी झाली. त्याच वर्षी पदार्पण केलेल्या क्रॉस्बी आणि ओवेच्किन या खेळाडूंच्या कार्डांच्या आशेने लोकांनी खोके फोडले, आणि बाकीची कार्डे कोणाकोणाच्या अल्बममध्ये जाऊन पडली. क्रॉस्बीच्या 'द कप' या संचातल्या कार्डाच्या ९९ प्रतींपैकी ८७ नंबरची, म्हणजे त्याच्या जर्सी नंबरची, प्रत कोठे आहे याची चर्चा संग्राहक आवडीने करतात. लुंडक्विस्टच्या ९९९ प्रतींचा हिशेब ठेवणारे मला कोणी भेटले नाही, म्हणून तो मीच ठेवायला घेतला. जुन्या लिलावांची छायाचित्रे, संग्राहकांनी दाखवलेले अल्बम यांतून आतापर्यंत २१४ क्रमांक माझ्या वहीत नोंदले गेले आहेत. त्यांत ३० नाही.

एकदा तो सापडल्यासारखे वाटले होते. छायाचित्रात '३०/९९९' स्पष्ट वाचता येत होते आणि वर्णनातही जर्सी नंबरची प्रत असे लिहिले होते. कार्ड हातात आल्यावर टॉपलोडरवरचा (कार्डाच्या कडक प्लास्टिकच्या पाकिटावरचा) छोटा स्टिकर सोलून काढला, तेव्हा त्याखाली आणखी एक ३ निघाला. कार्ड ३३०/९९९ होते. विक्रेत्याने ते विनातक्रार परत घेतले, त्यामुळे त्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून अर्धवट दिसणाऱ्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. परत पाठवण्यापूर्वी ते कार्ड तिरप्या उजेडात धरून पाहिले, तेव्हा आकडे भोवतीच्या पृष्ठभागाहून निराळे चमकत होते. तेव्हाच मनात आले की, एखाद्याने पहिला ३ खरवडून काढला असता, तर निव्वळ छायाचित्रावरून मला ते ओळखता आले असते का?

माझा मुख्य प्रश्न हाच आहे. ज्यांनी अशी कार्डे भिंगाखाली तपासली आहेत त्यांनी कृपया सांगावे की, आकड्यात फेरफार झाला असल्यास नेमके कोठे पाहावे, आणि विक्रेत्याकडून कोणत्या कोनातून, कशा उजेडात घेतलेले छायाचित्र मागावे. फेरफार उघडकीस आल्यास कार्डांचा दर्जा तपासणाऱ्या ग्रेडिंग कंपन्या त्या कार्डाला गुणांक देत नाहीत हे मला माहीत आहे, पण स्लॅबच्या (त्या ज्यात कार्ड सीलबंद करतात त्या प्लास्टिकच्या डबीच्या) लेबलवर सहसा प्रतीचा स्वतःचा क्रमांक नसतो, त्यामुळे केवळ लेबल पाहून ३० वी प्रत शोधता येत नाही.

दुसरे असे की, माझ्याकडे याच कार्डाच्या दोन प्रती आहेत. ३० व्या प्रतीच्या बदल्यात त्यांतली एक आणि वर आणखी काही देण्याची तयारी आहे. मात्र जर्सी नंबरच्या प्रतीसाठी साध्या प्रतीच्या तुलनेत किती जास्त देणे रास्त ठरते, याबाबत अदलाबदलीचा अनुभव असलेल्यांचे मत हवे आहे.

आपल्या संग्रहात हे कार्ड असेल, तर त्याचा क्रमांक कोणताही असो, तो येथे कळवावा. वहीतली प्रत्येक नवी नोंद शोधाचे क्षेत्र तेवढे कमी करते. आणि ३० वी प्रत ज्यांच्याकडे असेल त्यांना ती द्यायची नसली, तरी तिचे दोन्ही बाजूंचे, आकडा पूर्ण दिसेल असे छायाचित्र पाहायला मिळाले तर मी त्यांची ऋणी राहीन.