ऑडिटसाठी पेशंटची वेगळी संमती लागते का? (मदत हवी, लवकर)

टाकाटाकी
हर्नियाच्या ऑपरेशनांचं ऑडिट करतोय, १४० केसेस. सोमवारी सरांना आकडे द्यायचेत आणि रेकॉर्ड रूमवाले आज म्हणतात, संमती दाखवा. ऑपरेशनच्या कागदावर सह्या आहेतच की! फक्त हो की नाही तेवढं सांगा.

केसपेपर
हो-नाही कसं सांगणार? नुसते जुने केसपेपर चाळताय की पेशंटशी बोलताय? आकडे विभागातच राहणार का?

उभा_छेद
नाही लागत. ऑडिट म्हणजे संशोधन नव्हे, ठरलेल्या मानकाशी आपलं काम ताडून बघायचं. आम्ही कधीच घेतली नाही.

केसपेपर
"आम्ही घेतली नाही" हा नियम झाला का? ऑपरेशनची सही ऑपरेशनपुरती. विभागांतर्गत ऑडिटला वेगळी संमती बऱ्याच ठिकाणी लागत नाही, पण हे ऑडिटच आहे हे आपलं आपण ठरवायचं नसतं. एथिक्स कमिटीला, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीला, विचारायचं.

एक्सेलप्रेमी
पिव्हट टेबल वापरा, दहा मिनिटांत टक्केवारी निघते.

टाकाटाकी
टेबल येतं हो मला. नावं काढलीत. रजिस्ट्रेशन नंबर, जन्मतारीख, पिनकोड तेवढे आहेत. तिसाव्या दिवशी जखम चिघळली होती का, ते फोनवर विचारलं.

केसपेपर
फोन केलेत, आणि हे आत्ता सांगताय? नाव काढलं म्हणजे ओळख पुसली असं नाही. संगणकशास्त्रज्ञ लाटान्या स्वीनींनी २००० साली दाखवलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. जन्मतारखेऐवजी वय लिहा, पिनकोड उडवा, नंबराऐवजी १, २, ३ द्या. कुठला आकडा कोणाचा ती यादी वेगळ्या फाइलीत, पासवर्ड लावून. आणि कॉलम 'हाइड' केला म्हणजे गेला नव्हे!

जुनी_सुई
बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जननं शंभरेक वर्षांपूर्वी प्रत्येक पेशंटचं कार्ड ठेवून वर्षानं निकाल तपासला. कोणी सही मागितली नव्हती. अवांतर: हर्नियाला आतून लावायची जाळी कुठली वापरता?

उभा_छेद
जाळीचा वेगळा धागा काढा. आणि काका, तेव्हा ती कार्डं व्हॉट्सॅपवर फिरत नव्हती.

टाकाटाकी
व्हॉट्सॅपवरून आठवलं. शीट युनिटच्या ग्रुपवर टाकली होती, ११ जण. आत्ता डिलीट केली, पण दोघांनी आधीच उतरवून घेतलीय. शिवाय सरांना यावर परिषदेत पेपर वाचायचाय.

केसपेपर
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं राव! सोमवार विसरा. त्या दोघांना आधी फोन लावा, मग सरांना शीटचं स्वतः सांगा आणि कमिटीला पत्र टाका.

एक्सेलप्रेमी
शीटला पासवर्ड लावायला फाइल > माहिती > संरक्षण.