मदत हवी आहे: डेंग्यू, रक्त कमी आणि मुरगळलेला घोटा, खो-खोच्या मुलीला मैदानावर कसं परत आणू?

नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात मी माध्यमिक शाळेवर शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. सकाळी साडेपाचला आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलींचा खो-खोचा संघ घेतो. २०२० साली सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हापासून आमच्याकडे आईवडील मुलींना मैदानावर पाठवायला पूर्वीइतके कचरत नाहीत. म्हणूनच जबाबदारीचं ओझं जास्त वाटतं.

माझ्या संघातली एक मुलगी १५ वर्षांची आहे, दहावीत. पळती उत्तम, खांबाजवळ तिला कुणी धरू शकत नाही. सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला. सहा दिवस दवाखान्यात होती, प्लेटलेट ३८ हजारांपर्यंत उतरल्या होत्या. ताप गेल्यावर बारा दिवसांनी ती सरावाला आली आणि मी तिला घेतलं. जिल्हा स्पर्धा तोंडावर होती. दुसऱ्याच फेरीला तिला धाप लागायची, मला वाटलं दम गेलाय, पळवलं की येईल. चौथ्या दिवशी खांबाला वळताना तिचा उजवा पाय भेगेत गेला. आमचं मैदान काळ्या मातीचं, पाऊस उघडला की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. घोटा टम्म सुजला. फोटोत हाड मोडलेलं नाही, पण डॉक्टरांनी तीन आठवडे आराम सांगितला. त्यानंतर मीच वडिलांच्या मागे लागून रक्त तपासून घेतलं: हिमोग्लोबिन ९.१.

चूक माझी आहे हे मला कळतं, ते वेगळं सांगायला नको.

आता तीन आठवडे संपले. सूज उतरली, लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. डॉक्टर म्हणतात, "हळूहळू सुरू करा." आता हळूहळू म्हणजे नेमकं किती? खाटेवरून उठणं आणि सामना खेळणं यांच्या मधले आठवडे कसे भरायचे, हे मला कुणी सांगत नाही. घरी तिची आई म्हणते आता खेळ बास, अभ्यास कर. आजी म्हणते रोज गूळ-शेंगदाणे खा, होईल बरी. वडील सोयाबीनच्या राशीत अडकलेत. आणि मुलगी रोज मैदानाच्या कडेला येऊन बसते, "सर, काहीच दुखत नाही ओ, एक डाव खेळू द्या." पण व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना ती प्रत्येक पायरीवर आधी उजवाच पाय टेकवते, मग डावा शेजारी आणते. एकदाही पाय आलटून-पालटून उतरत नाही. म्हणजे दुखतंय.

मी कच्ची आखणी केली आहे. पहिले दहा दिवस फक्त चालणं, तेही सोबत गप्पा मारता येतील इतक्याच वेगात. घरी अंथरुणातून उठायच्या आधी तिने नाडी मोजून वहीत लिहायची, नेहमीपेक्षा दहा ठोके जास्त भरले तर त्या दिवशी सुट्टी. घोट्यासाठी एका पायावर उभं राहणं, टाचा उचलणं. मग सरळ पळणं, मग वळणं, मग खांब, आणि उडी मारून गडी मारणं सगळ्यात शेवटी. पण दम आणि घोटा दोन्ही एकदम सांभाळायचे तर वेग कशावरून ठरवायचा? हिमोग्लोबिन वाढायला किती दिवस धरायचे? आणि तिच्या तोंडून खरं कसं काढायचं?

जाता जाता आणखी एक. माझ्याच मुलांच्या संघातला १३ वर्षांचा एक जण गुडघ्याखालच्या हाडावर टेंगूळ आलंय म्हणतो. खो-खोत बसून उठताना दुखतं. यंदा तो झपाट्याने उंच झालाय. त्यालाही बसवून ठेवू का?

प्रतिसाद (फिजिओथेरपिस्ट, लातूर)

सर, दम आणि घोटा एकाच दोरीत बांधू नका. घोट्याचे व्यायाम आजपासून जोमाने करता येतील. एका पायावर उभं राहायला किंवा टाच उचलायला हृदयावर फारसा ताण पडत नाही. पळण्याचा दम मात्र रक्ताच्या मागोमागच येणार. ९.१ वर धावण्याच्या फेऱ्या लावल्या तर दम वाढणार नाही, फक्त थकवा साचेल. तुमची पहिल्या वेळची गल्लत तीच होती, आणि ती बहुतेक सगळ्यांची होते.

गोळ्या नीट लागू पडल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने तरी वर यायला हवं. नाही आलं तर जंत, पाळीत जास्त रक्त जाणं किंवा दुसरं काही कारण आहे का हे डॉक्टरांना शोधू द्या. आकडा बाराच्या वर गेला की गोळ्या बंद करतात लोक, ते करू नका. शरीरातला लोहाचा साठा भरायला पुढे आणखी साधारण तीन महिने लागतात. गोळी लिंबू-पाण्यासोबत द्या, चहा किंवा दूध दोन तास लांब ठेवा. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळत असेल तर दोन्ही चालू ठेवायच्या का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

छातीत दुखणं, धडधड, चक्कर येऊन पडणं यातलं काही एकदा जरी झालं असेल तर पळवण्याआधी ईसीजी. डेंग्यूनंतर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, त्यात जोर करणं धोक्याचं. गोळ्या खाऊन दुखणं दाबून सराव तर अजिबात नको.

घोट्याचं मोजमाप डाव्या पायाशी करा. एका पायावर डोळे मिटून किती सेकंद, एका पायाने टाच किती वेळा उचलते, एका पायावर उडी किती लांब जाते. उजवा डाव्याच्या दहात नऊ हिश्श्यांपर्यंत आला की वळणाचं पळणं. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता जास्त असते, म्हणून तोल साधायचे व्यायाम खेळ सुरू झाल्यावरही सोडू नका. एका दिवशी एकच नवी गोष्ट वाढवा: अंतर किंवा वेग किंवा वळण. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज नाही, दुखणं वाढलं नाही, तरच पुढची पायरी.

त्या मुलाचं वर्णन ऑसगुड-श्लॅटरसारखं वाटतं. मांडीचा स्नायू नडगीला जिथे ओढतो, तिथली वाढीची कूर्चा चिडते. पूर्ण बसवायची गरज सहसा नसते. दुखणं दहात तीनपर्यंत आणि सकाळपर्यंत निवळत असेल तर खेळू द्या, फक्त बसण्या-उठण्याच्या फेऱ्या आणि उड्या कमी करा. रात्री झोपमोड करणारं दुखणं, गुडघाच सुजणं, लंगडणं असेल तर आधी तपासणी.

प्रतिसाद (माजी खेळाडू, परभणी)

सर, मी शाळेत असताना पाच वर्षं खो-खो खेळले. आमचे सर विचारायचे, "खेळणार ना?" त्याला "हो" सोडून उत्तरच नव्हतं. घरून परवानगी मिळवायला वर्ष गेलेलं, दुखतंय म्हटलं की सरळ घरी बसवतील ही धास्ती. मी नडगीचं दुखणं दोन महिने लपवलं, शेवटी हाडाला बारीक तडा निघाला.

तिला "दुखतंय का" विचारूच नका. "काल किती होतं, आज किती?" असं शून्य ते दहात विचारा, आणि सगळ्याच मुलींना विचारा, म्हणजे ती एकटी पडणार नाही. आकडा वहीत, संघासमोर नाही. आणि तिची जागा जाणार नाही हे आईसमोर एकदा स्पष्ट बोला. सध्या तिला घड्याळ आणि गुणपत्रक द्या. कडेला नुसतं बसणं फार जड जातं ओ.

पाळीचं मात्र एखाद्या मॅडमना विचारू द्या. तीन महिने पाळी आली नसेल तर ती खेळापुरतं खात नाहीये, हे आधी बघा. आणि घरी पाण्याच्या घागरी कोण आणतं? तोही व्यायामच आहे, तो मोजायचा राहतो.

धागाकर्ता

मॅडम, ताई, दोघींचे मनापासून आभार. घागरीचं माझ्या डोक्यातच नव्हतं. आज विचारलं, सकाळी मैदानावर यायच्या आधी चार खेपा करते. वडिलांशी बोललो, महिनाभर भाऊ आणेल म्हणाले. पुढच्या तपासणीची तारीख ठरवली आहे, तोवर पळणं नाही. मुलाला फेऱ्या निम्म्या केल्या.

आज सगळ्या मुलींना ओळीने आकडा विचारला. तिच्याआधीची एक म्हणाली "दोन", तेव्हा तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "चार." मग डोळे मिटून उभं केलं. डावा पाय २६ सेकंद, उजवा ७. वहीत लिहून ठेवलंय. दर सोमवारी मोजणार आहे. आकडे इथेच टाकीन, चुकत असेल तर सांगा.