कराडचा डिप्लोमा आहे, डेटनला कम्युनिटी कॉलेज करू का?

कृष्णाकाठ: कराडच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल डिप्लोमा केला, मग चाकणला क्वालिटीत होते. आता ओहायोत, डेटनला. ग्रीन कार्ड आलंय, लेक शाळेत जायला लागलीय. सिंक्लेअर कम्युनिटी कॉलेजचा मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीचा दोन वर्षांचा कोर्स बघतेय. सासूबाई म्हणतात, "परत डिप्लोमाच कशाला?" काय करू?

टूलरूमवाला: ताई, मी दुसऱ्या गावी हाच कोर्स केला, आता डाय बनवतो. सासूबाईंचं निम्मं खरं आहे. स्टॅटिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स तुमचं झालेलंच आहे. म्हणून आधी मार्कशीटचं क्रेडिट इव्हॅल्युएशन करून घ्या, म्हणजे झालेल्या विषयांचे इथे किती क्रेडिट धरतात ते कळेल. साधारण ६० क्रेडिटचा कोर्स असतो, त्यातले जेवढे सुटतील तेवढी फी आणि वेळ वाचला. माँटगोमेरी काउंटीत राहत असाल तर फी तशीही कमी पडते.

नवीन काय, तर ड्रॉइंग. व्ह्यू मांडायची आपण फर्स्ट अँगल पद्धत गिरवली, इथे थर्ड अँगल: टॉप व्ह्यू एलेव्हेशनच्या, म्हणजे समोरच्या व्ह्यूच्या, वर. सुरुवातीला मी प्रत्येक भोक उलट्या बाजूला बघायचो! मापं इंचात, एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी. क्वालिटीवाल्या आहात, आठवड्यात सरावाल.

खरी कमाई मशीन शॉपमध्ये. जी०२, जी०३ हे सीएनसी मशीनला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) गोलाईत कापायला सांगणारे कोड मी पूर्वी फळ्यावरच पाहिले होते. इथे स्वतः प्रोग्रॅम लिहायचा, टूल ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) द्यायचा, अॅल्युमिनियम कापायचं आणि आपलाच पार्ट मायक्रोमीटरने मोजायचा. इंटरव्ह्यूत मला त्यावरच विचारलं.

एक_पुणेकर: ताई, पुढे डिग्री करायची असेल तर आत्ताच ठरवा. हे क्रेडिट साध्या मेकॅनिकल डिग्रीत सगळे धरत नाहीत, कॅल्क्युलसवालं फिजिक्स पुन्हा करावं लागतं. टेक्नॉलॉजीच्या डिग्रीत जास्त खपतात. पर्ड्यूला तशी डिग्री आहे. एबेटची (इंजिनिअरिंग कोर्सना मान्यता देणारी संस्था) मान्यता बघाल तेव्हा तिच्या 'ईटॅक' विभागाची बघा, टेक्नॉलॉजीसाठी तीच. पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्सला मात्र काही राज्यांत ही डिग्री चालत नाही, काही ठिकाणी अनुभव जास्त मागतात.

टूलरूमवाला: बरोबर. पण कारखान्यातल्या कामाला पीई सहसा कोणी मागत नाही.

कृष्णाकाठ: धन्यवाद दादा! मला शॉप फ्लोअरच हवाय. संध्याकाळचे वर्ग जमतील का?

टूलरूमवाला: थिअरीचे जमतील. लॅबचं वेळापत्रक आधी विचारा, आणि बघायला जाल तेव्हा मशीन चालू असताना जा.