शब्दचर्चा: लॅपटॉप मॉनिटर 'धरत नाही' की 'ओळखत नाही'?

तापीकाठ
अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत जुन्या लॅपटॉपांवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकून संगणक कक्ष चालवतो. बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडायची वेळ आली की शिक्षकांची तारांबळ उडते, म्हणून एक छोटी पुस्तिका लिहायला घेतली. त्यातलं वाक्य असं: 'केबल घट्ट बसवूनही लॅपटॉप मॉनिटर धरत नसेल तर आधी ग्राफिक्स ड्रायव्हर चालू आहे का ते बघा.' (ड्रायव्हर म्हणजे चित्र काढणारी चिप चालवणारा प्रोग्राम.)

मुद्रितशोधनाला पुण्याच्या एका ताईंकडे दिलं होतं. त्यांनी 'धरत'खाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'बोली. ओळखत नसेल असे करावे.' पुढे जिथे जिथे 'धरणे' आलं तिथे तिथे 'ओळखणे' करून टाकलंय. गंमत म्हणजे 'ओळखत नाही' हेही माझ्या मजकुरात आहे, पण वेगळ्या ठिकाणी आणि मुद्दाम. आता दोन्ही बिघाड एकच झालेत.

प्रमाण मराठीत यंत्राबद्दल 'धरत नाही' चालत नाही का? जाणकारांनी सांगावं.

कर्नलपॅनिक
मी पुण्यातच सपोर्टमध्ये काम करतो. इथे ना कोणी धरत, ना कोणी ओळखत. 'डिटेक्ट होत नाहीये' म्हणतात. विषय संपला.

प्रूफवाली
विषय संपला नाही, शब्द संपला. असो. मी त्या ताई नव्हे, पण धंदा तोच. त्यांच्या बाजूने एवढंच म्हणेन की छापील पुस्तिका फक्त अमळनेरात वाचली जाणार नाही. 'धरणे' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यापुढे हात येतो. लॅपटॉपला हात नाहीत. 'ओळखणे' निदान बुद्धीचं काम आहे, यंत्राला शोभतं. 'आढळला नाही' हाही चांगला पर्याय, 'नवीन साधन आढळले' असं आपण वाचलेलं असतंच.

शेंगोळे
हात येतो? दुधाने साय धरली, जखमेने खपली धरली, पावसाने जोर धरला, पोराने बाळसं धरलं. यात कुणाचा हात दिसला ताई? डाळिंबवाला मृग बहार धरतो, आंब्याचं कलम धरतं. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटले आणि 'धरणे' मात्र बोलीत ढकललं.

प्रूफवाली
शेंगोळेभाऊ, तुमच्या उदाहरणांत एक गोष्ट हळूहळू जमत जाते. साय, खपली, बाळसं. मॉनिटर काय हळूहळू जमतो? आणि कलमाचं म्हणाल तर तिथे 'धरलं' अकर्मक आहे. इथे 'मॉनिटर' हे कर्म आहे. लॅपटॉप मॉनिटरला धरतो की मॉनिटर लॅपटॉपला, हेही एकदा ठरवा.

चौथी फेज
मी यावलकडचा, मोटारी बांधतो आणि जमलं तर लॅपटॉपही उघडतो. विहिरीवर मोटर फिरते, आवाज चांगला येतो, पण नळाला पाणी नाही. तेव्हा शेतकरी काय म्हणतो? 'मोटर पाणी धरत नाही.' फूटव्हॉल्व्हमधून, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेतून, पाणी खाली उतरतं, पाइप रिकामा राहतो, पंप नुसता हवा घुसळतो. वायंडिंग धड आहे, लाइट आहे, फक्त दोघांचा मेळ बसत नाही. लॅपटॉप-मॉनिटरचं हेच आहे. कर्मबिर्म मला समजत नाही, पण 'मोटर पाणी ओळखत नाही' असं म्हटलं तर बांधावरचे लोक मला घरी पाठवतील.

आता थोडं तांत्रिक. एचडीएमआयला १९ पिना असतात. १९ नंबरची पीन फक्त 'समोर कोणीतरी आहे' एवढं सांगते. केबल खोचली की मॉनिटर तिच्यावर व्होल्टेज चढवतो. मॉनिटर कोणता, किती रुंद, कुठलं रिझोल्यूशन झेपतं, ही माहिती वेगळ्या पिनांवरून येते, १५ आणि १६. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात, मूळ गठ्ठा १२८ बाइटांचा. म्हणजे धरणं एका पिनेवर आणि ओळखणं दुसऱ्या दोघींवर.

तापीकाठ
चौथी फेज, नेमकं हेच! माझ्या पुस्तिकेत तीन पायऱ्या आहेत. टर्मिनलवर 'एक्सरँडर' ही पडद्यांची यादी दाखवणारी आज्ञा चालवायची. यादीत फक्त लॅपटॉपचाच पडदा आला, एचडीएमआयचं नावच नाही, तर 'पोर्ट दिसत नाही'. नाव आहे पण पुढे 'डिस्कनेक्टेड' लिहिलंय, तर 'धरत नाही'. 'कनेक्टेड' आहे पण १०२४ बाय ७६८ च्या वर जातच नाही, सगळं ताणल्यासारखं दिसतं, तर 'ओळखत नाही'. पहिलीला ड्रायव्हर बघायचा, दुसरीला केबल, तिसरीला ईडीआयडी. ताईंनी तिन्हीकडे 'ओळखत नाही' केल्यावर शिक्षक ड्रायव्हर टाकत बसणार आणि दोष केबलचा निघणार.

शेंगोळे
मग तुमच्याच हिशेबाने पहिल्या पोस्टमधलं वाक्य 'पोर्ट दिसत नसेल तर ड्रायव्हर बघा' असं हवं ना? तिथे 'धरत'ला ड्रायव्हर जोडलाय.

तापीकाठ
ते प्रस्तावनेतलं आहे. तिथे ढोबळ.

प्रूफवाली
अस्सं. लेखकाने ढोबळ वापरलं तर चालतं, शोधकाने वापरलं तर बिघाड एकच होतात.

कर्नलपॅनिक
तुमच्या तीन पायऱ्या सुंदर आहेत, फक्त खऱ्या नाहीत. इंटेलच्या ग्राफिक्सवर एचडीएमआयची ईडीआयडी वाचता आली नाही तर ड्रायव्हर सरळ 'डिस्कनेक्टेड' म्हणतो. ओळख पटली नाही म्हणून धरलंच नाही. १०२४ बाय ७६८ चा प्रकार व्हीजीएला, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मॉनिटर पोर्टाला, जास्त, स्वस्त केबलीत ईडीआयडीच्या तारा गाळलेल्या असतात. शिवाय पडदा चालवायला वेलँड ही नवी पद्धत असेल तर एक्सरँडरच्या यादीवर विसंबू नका. सिस फोल्डरात क्लास, त्यात डीआरएम, तिथे प्रत्येक पोर्टाचं एक फोल्डर असतं. त्यातल्या 'स्टेटस' फाइलीत जोडलंय की नाही ते, आणि 'ईडीआयडी' फाइल वाचायला गेलं तर रिकामी की भरलेली ते कळतं. दोन फाइली बघा आणि क्रियापदाचं काय ते करा.

कळण्याची भाकरी
तापीकाठभाऊ, आमच्या शिरपूरकडे तर सरळ म्हणतात, 'मन्हा लॅपटॉप मॉनिटर धरी नही ऱ्हायना.' अहिराणीत 'ओळखणे' माणसासाठी. पोर्ट दिसत नाही याला 'दखास नही'. तुमच्या पहिल्या दोन पायऱ्या अहिराणीत आधीपासून आहेत, पुण्याला विचारायची गरज काय?

चौथी फेज
ताई, आमच्याकडे 'धरू नही राह्यला'. पुस्तिका खान्देशासाठी म्हणता तर सगळा खान्देश अहिराणी बोलतो असं धरू नका. रावेर-यावल-भुसावळात लेवा गणबोली.

कळण्याची भाकरी
दोन्हीकडे 'धरणे'च आहे ना भाऊ? मग भांडण कशाचं?

चौथी फेज
भांडण नाही. बहिणाबाई चौधरींची भाषासुद्धा लोक अहिराणी म्हणून मोकळे होतात. त्या १८८० साली असोद्यात जन्मल्या, जळगावला नांदल्या, आणि बोली लेवा. जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलंय, तरी बोलीचं नाव चुकीचं घेतात.

कळण्याची भाकरी
असोद्याहून धरणगाव किती लांब? बोलीला तारेचं कुंपण असतं का? माझी आजी दोन्ही बोलायची, समोरचा कोण आहे ते बघून.

ताम्रपट
उशिरा आलो. 'धरणे'चा संस्कृत धातू 'धृ', त्यावर दुमत नसावं. पण मुद्दा वेगळा आहे. धंद्याच्या शब्दांची लाज आपल्याला अलीकडे वाटायला लागली. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, ज्योतिष शिकवायला मठ उभारला. त्याच्या दानाचा शिलालेख शके ११२८ चा. वर संस्कृत, आणि शेवटी बाजारातल्या करांचा भाग आला की भाषा मराठी होते. तिथे 'केणें' शब्द आहे, म्हणजे विकायचा माल. ज्योतिषाचं संस्कृतात, पण कोणत्या मालावर किती द्यायचं ते लोकांच्या शब्दात, कारण ते लोकांनी वाचायचं होतं. तुमची पुस्तिका त्या खालच्या ओळींच्या जातीची आहे.

याच न्यायाने 'ड्रायव्हर' मात्र मला खटकतो. 'सारथी' का नाही? चिप हा रथ, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा हा रथी. 'ग्राफिक्स सारथी बसवा.'

कर्नलपॅनिक
सारथी बसवला आणि सिक्युअर बूटने त्याला गावाच्या वेशीवर अडवलं.

हसू नका, हे रोज होतं. सिक्युअर बूट म्हणजे सही नसलेला प्रोग्राम बूट होताना अडवणारी सोय. लॅपटॉपमध्ये इंटेलबरोबर वेगळी ग्राफिक्स चिप असली तर बऱ्याच मॉडेलांत एचडीएमआयची तार थेट त्या वेगळ्या चिपला जोडलेली असते. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा इंटेलवर मजेत चालतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. तिचा ड्रायव्हर बाहेरून टाकलेला असेल आणि त्यावर सही नसेल, तर सिक्युअर बूट चालू असताना कर्नल त्याला आत घेत नाही. चिप झोपलेली, पोर्ट यादीतून गायब. तापीकाठ, तुमची पहिली पायरी बहुतेक वेळा हीच निघेल.

तापीकाठ
अगदी! कक्षातल्या दोन लॅपटॉपांवर असंच आहे. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतो, तो आम्ही दिला होता.

कर्नलपॅनिक
तो पासवर्ड पुढच्या बूटला लागतो. निळा पडदा येतो, 'एनरोल मॉक' (सहीची किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा थोडा वेळच थांबतो. कुणीतरी 'कंटिन्यू' दाबलं की बूट पुढे जातो आणि सही नोंदवायची राहते. 'मॉकयूटिल' या आज्ञेने सिक्युअर बूटची स्थिती बघा, चालू असेल तर 'इंपोर्ट' करून पुन्हा तो पडदा आणा. आणि ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामात, 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हरला पडद्यापासून लांब ठेवणारा शब्द) राहिलंय का तेही बघा. लिनक्स टाकताना पडदा काळा झाला की लोक ते घालतात आणि काढायला विसरतात. ते असेपर्यंत बाहेरचा मॉनिटर चालण्याची आशा सोडा.

ताम्रपट
'नोमोडसेट'ला मराठीत काय म्हणावं?

शेंगोळे
अप्पा, काही म्हणू नये. टाइप करायचंय ते.

प्रूफवाली
सारथीवर माझा आक्षेप नोंदवून ठेवा. 'चालक' आधीच रूढ आहे. शिवाय सारथी म्हटलं की लोक कृष्ण शोधतील. संस्कृत शब्द आणला की शुद्ध, बोलीतला आणला की लोकभाषा, दोन्ही बाजूंनी तुम्हीच कसे बरोबर?

ताम्रपट
वय.

कळण्याची भाकरी
एक विचारू? पेनड्राइव्हला सगळे 'घेत नाही' म्हणतात, 'लॅपटॉप पेनड्राइव्ह घेत नाही'. फोन 'लागत नाही'. रेडिओ स्टेशन 'धरत नाही'. मॉनिटरला कुणी 'घेत नाही' म्हणत नाही. का?

चौथी फेज
पेनड्राइव्ह आत जातो. मॉनिटर बाहेर राहतो. आत जाणारं घेतात, बाहेरचं धरतात.

शेंगोळे
वा! हे छापा.

प्रूफवाली
यूएसबीवरून चालणारा मॉनिटर असेल तर? प्रश्न गंभीर आहे.

कर्नलपॅनिक
तर आधी पोर्ट बघावं लागेल. सी-टाइप दिसलं म्हणजे त्यातून चित्र जाईलच असं नाही, त्या पोर्टात डिस्प्लेपोर्टची सोय दिलेली असावी लागते. नसेल तर नुसता सारथी बसवून ती सोय येत नाही.

तापीकाठ
ताईंचा फोन आला होता. चौथी फेजची फूटव्हॉल्व्हची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. म्हणाल्या, मुद्दा पटला, दोन वेगळी क्रियापदं ठेवू. पण 'धरत'ऐवजी 'पकडत' करा, ते सगळीकडे समजेल.

शेंगोळे
पकडत!! पोलिस आहे का लॅपटॉप? हे तर सरळ मुंबईचं हिंदी.

ताम्रपट
'पक्कड' मराठीच आहे हो, अवजाराचं नाव. हिंदीवर कशाला ढकलता.

शेंगोळे
अवजार मराठी असेल. 'नेटवर्क पकडत नाही' कुठून आलं ते सांगा.

कळण्याची भाकरी
पकडणं क्षणाचं, धरणं टिकतं. मॉनिटर दोन मिनिटं लागून जातो-येतो, त्याला काय म्हणाल? पकडला पण धरला नाही. म्हणजे अजून एक पायरी लागेल, तापीकाठभाऊ.

तापीकाठ
पुस्तिका सोमवारी छापायला जातेय. पायऱ्या वाढवू नका.

चौथी फेज
जातो-येतो त्याला पहिल्यांदा केबल बदलून बघा, मग रिफ्रेश रेट कमी करा. लांबलचक केबल असेल तर ४के सोडून १०८० वर आणा, पुष्कळदा तिथेच थांबतं.

नवीन सभासद
नमस्कार. व्हीजीए ते एचडीएमआय असा छोटा कन्व्हर्टर आणलाय, जुना लॅपटॉप आणि नवा टीव्ही. काहीच येत नाही. ड्रायव्हर बदलू का?

चौथी फेज
भाऊ, आधी त्या कन्व्हर्टरवर काय लिहिलंय ते वाचा. 'एचडीएमआय टू व्हीजीए' असेल तर तो उलट्या दिशेचा आहे, दुकानदार दोन्ही एकाच बरणीत ठेवतात. बरोबर दिशेचा असेल तर त्याला यूएसबीची बारीक वायर असते, ती लावली का? पॉवरशिवाय तो चालणार नाही.

नवीन सभासद
वायर आहे, लावली नव्हती. लावली. आता टीव्ही धरतोय.

प्रूफवाली
टीव्ही धरतोय. लॅपटॉप नव्हे. कर्ता कोण ते बघा!