मल म्हणजे नुसतं न पचलेलं अन्न नव्हे
'मल म्हणजे न पचलेलं अन्न, बाकी काही नाही' असं अनेकदा म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. त्यात सुमारे ७५ टक्के पाणी असतं आणि उरलेल्या घन भागात जिवाणूंचा मोठा वाटा. तपकिरी रंग तर रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडून पित्तातून आलेल्या बिलिरुबिन या पिवळ्या रंगद्रव्यावर आतड्यातले जिवाणू प्रक्रिया करतात, त्यामुळे येतो.

आणि न पचलेलंही वाया जात नाही! आपल्या गोव्यात काही घरी उरलेल्या उकड्या भाताची सकाळी पेज करतात. भात थंड झाला की त्यातला थोडा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून ब्युटिरेट हे एक प्रकारचं मेदाम्ल बनवतात, आणि तिथल्या अस्तराच्या पेशींचं ते मुख्य इंधन. ही पेज सोडू नका. फक्त आपल्या दमट हवेत रात्रीचा भात फ्रीजमध्येच ठेवा.