खुनी कोण? शेवटच्या प्रकरणाआधी तुम्ही ओळखता का?

रोनाल्ड नॉक्स हा इंग्रज पाद्री स्वतः रहस्यकथाही लिहायचा. १९२९ मध्ये त्याने रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. खुनी कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला हवा. भुताखेतांची मदत घ्यायची नाही. आजवर कोणाला ठाऊक नसलेलं विष वापरायचं नाही. गुप्तहेराला सापडलेला पुरावा वाचकापासून लपवायचा नाही. आणि चोरवाट असलीच तर एकच! पुढच्याच वर्षी लंडनमध्ये 'डिटेक्शन क्लब' निघाला. जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष होते. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, अँथनी बर्कली ही मंडळी सभासद होती. नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे की माझा गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने गुन्हा उकलणार नाही, डोकं वापरूनच उकलेल.

एवढे कसलेले लेखक आपणहून हात बांधून घेतात, कशासाठी? तर वाचकालाही खुनी ओळखायची रास्त संधी मिळावी म्हणून. मला यात वाचकाबद्दलचा फार मोठा आदर दिसतो. म्हणून हे आमंत्रण. तुम्ही जुन्या रहस्यकादंबऱ्या कशा वाचता? अंदाज बांधता का? कशावरून? आणि तो चुकला की काय वाटतं?

विनंती एकच आहे. कोणत्याही कादंबरीतल्या खुन्याचं नाव इथे फोडू नका. ज्याला ते पुस्तक पहिल्यांदा वाचायचं आहे, त्याचा आनंद आपण हिरावून घ्यायचा नाही.

औषधशास्त्र शिकवते, नागपूर

मी ख्रिस्तीकडे विषांमुळे वळले. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका होती, मग तिथल्याच औषध विभागात काम करू लागली आणि त्याची परीक्षाही तिने दिली. बाटल्या, मात्रा, कशात काय मिसळलं की काय होतं, हे सगळं तिने हाताने केलेलं होतं. तिची पहिली कादंबरी, 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स', १९२० मध्ये आली. तिच्यातला मृत्यू स्ट्रिकनीनने होतो. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने विषाचं वर्णन अचूक असल्याबद्दल तिचं कौतुक केलं होतं, आणि ख्रिस्तीला त्या कौतुकाचा कायम अभिमान वाटला.

मी ती बी. फार्म.ला असताना वाचली. विष कसं दिलं गेलं ते मला तिचा गुप्तहेर पॉयरो याच्याही आधी कळलं, कारण त्यामागचा औषधशास्त्राचा नियम त्याच सत्रात आम्हाला होता. त्या रात्री मला झोप आली नाही. खुनी मात्र मला ओळखता आला नाही. 'कसं' कळलं म्हणून 'कोण' कळतंच असं नाही, आणि या दोहोंमध्ये अंतर ठेवणं हीच त्या बाईची कारागिरी.

ज्यांनी 'द पेल हॉर्स' (१९६१) वाचलेली नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, त्यात विषाचं नाव आहे.

१९७७ मध्ये कतारमधून लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात एक तान्हं बाळ आणलं होतं. निदान काही होत नव्हतं. तिथली एक परिचारिका त्या वेळी नेमकी हीच कादंबरी वाचत होती. बाळाचे केस गळताना पाहून तिने डॉक्टरांना थॅलियमची शंका बोलून दाखवली. तपासणीत ती खरी ठरली आणि बाळ वाचलं. मी हा प्रसंग दरवर्षी वर्गात सांगते. त्यानंतर ग्रंथालयात ख्रिस्तीची पुस्तकं जागेवर सापडत नाहीत.

साताऱ्यातलं एकत्र कुटुंब

आमच्या घरात पुस्तक एक आणि वाचणारे पाच. नगर वाचनालयातून आणलेली प्रत आधी काकूकडे जायची, कारण तिचं वाचन सगळ्यांत जलद. मग बाबा, आत्या आणि शेवटी आम्ही दोघी बहिणी. पॉयरो सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, त्या पानाशी थांबायचं, चिठ्ठीवर नाव लिहायचं आणि देवघरातल्या पितळी डब्यात टाकायचं, असा नेम होता. शेवटच्या वाचणाऱ्याचं पुस्तक संपेपर्यंत डबा उघडायचा नाही आणि घरात त्या पुस्तकाचं नाव काढायचं नाही. काकूला सगळं ठाऊक असायचं. तरी पोळ्या लाटताना तिच्या चेहऱ्यावरून आम्ही काही वाचू नये म्हणून ती मुद्दाम भाज्यांच्या भावाबद्दल बोलत राहायची.

पुढे कळलं की एलरी क्वीनच्या पहिल्याच कादंबरीत, 'द रोमन हॅट मिस्टरी'मध्ये (१९२९), अशी जागा लेखकांनी स्वतःच करून ठेवलेली आहे. उलगड्याच्या आधी कथा थांबते आणि वाचकाला जाहीर आव्हान दिलं जातं: सगळे पुरावे आता तुमच्या हातात आहेत, सांगा खुनी कोण. एलरी क्वीन या नावाने दोघे मावसभाऊ मिळून लिहायचे. म्हणजे तेही घरातलेच!

आत्याचा अंदाज सगळ्यांत जास्त वेळा बरोबर यायचा. ती पुराव्यांकडे फारसं बघत नसे. घरातल्या पैशावर कोणाचा जीव आहे आणि कोण कोणाला मनातून घाबरतंय, एवढंच ती बघायची. ख्रिस्तीची म्हातारी गुप्तहेर मिस मार्पल, तिची रीतही हीच. 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (१९३०) या पहिल्या कादंबरीपासून मार्पल सेंट मेरी मीड या आपल्या खेड्यातल्या माणसांवरून जगातल्या माणसांची पारख करते. आत्याचं सेंट मेरी मीड म्हणजे आमची गल्ली.

गणिताचा शिक्षक, कोल्हापूर

आत्यांची रीत मला जमत नाही. मला कागद-पेन्सिल लागते. कोण किती वाजता कुठे होतं, कोणी पाहिलं, पाहणाऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का, असा तक्ता मी पहिल्या प्रकरणापासून करतो.

त्यासाठी फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स वाचा. तो मुळात रेल्वेचा इंजिनीअर होता. त्याच्या कादंबऱ्यांत गाड्यांच्या आणि बोटींच्या वेळापत्रकांवर ॲलिबी, म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा दावा, उभी असते, आणि ती पाडायलाही तेच वेळापत्रक उघडावं लागतं. काहींना हे कोरडं वाटतं. मला त्यात प्रमेय सिद्ध झाल्याचं समाधान मिळतं.

आणि सेयर्सची 'द फाइव्ह रेड हेरिंग्ज' (१९३१). जागा स्कॉटलंडमधला गॅलोवे परगणा, सहा संशयित, सहाही चित्रकार. सुरुवातीलाच प्रेत सापडतं. सेयर्सचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी मेलेल्या चित्रकाराचं सामान तपासतो आणि एक वस्तू तिथे नाही हे त्याच्या लक्षात येतं. काय शोधायचं ते तो सार्जंटला सांगतो, पण लेखिका ते आपल्याला सांगत नाही. चाणाक्ष वाचकाला हा तपशील स्वतःच भरता येईल म्हणून तो इथे गाळला आहे, असं ती सरळ लिहून टाकते. मी तिथे पुस्तक मिटलं. वस्तूंची यादी पुन्हा वाचली आणि चित्रकला शिकवणाऱ्या सहकाऱ्याला विचारलं, तैलरंगात काम करायला काय काय लागतं? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. यादीत काय नाही ते उत्तर तिथल्या तिथे मिळालं. इतका आनंद मला क्वचितच कशाने झाला असेल.

लहानपण मुंबईच्या चाळीत, आता ठाणे

मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. आम्ही बाबूराव अर्नाळकरांवर वाढलो. धनंजय आणि छोटू, झुंजार, काळा पहाड! हजाराहून अधिक पुस्तकं लिहिली त्यांनी. भाड्याच्या लायब्ररीतून पुस्तक आणायचं आणि त्याच दिवशी परत करायचं. तिथे खुनी ओळखायला थांबायला कोणाला सवड होती? पुढे काय होणार, एवढाच प्रश्न. श्वास रोखून पान उलटायचं.

होम्सही मी तसाच वाचतो. खरं म्हणजे कॉनन डॉइल नॉक्सच्या नियमांत बसतच नाही. होम्स गुपचूप भिंग लावून काहीतरी बघतो, तार करतो, आणि त्यात काय होतं ते आपल्याला शेवटी कळतं. पण 'सिल्व्हर ब्लेझ'मधला तो कुत्रा घ्या, जो रात्री भुंकलाच नाही. तो पुरावा डॉइलने आपल्यासमोर उघडा ठेवला होता. जे घडलं नाही त्याकडे बघायचं, हे मला त्या गोष्टीने शिकवलं. विम्झीच्या यादीत जे नव्हतं त्याबद्दल वर वाचलं आणि हा कुत्रा आठवला.

अंदाज न बांधता वाचणाऱ्यालाही या पुस्तकांत पूर्ण वाटा मिळतो, एवढंच मला सांगायचं आहे.

नोकरीनिमित्त काही वर्षं ओसाकात

हा खेळ इंग्लंडमध्ये मागे पडला तेव्हा जपानने तो सांभाळला. तिथे अशा रास्त कोड्याच्या रहस्यकथेला 'होन्काकु' म्हणतात. एदोगावा राम्पो या लेखकाने आपलं टोपणनावच एडगर ॲलन पो या नावाच्या उच्चारावरून घेतलं. सेइशी योकोमिझोची 'होन्जिन मर्डर्स' युद्ध संपल्यावर लगेच, १९४६ मध्ये, क्रमशः आली. लग्नाची रात्र, अंगणात बर्फ, आतून बंद घर आणि कोतो या तंतुवाद्याचा आवाज. बंद खोलीतल्या खुनाचं कोडं इंग्रजी वाड्यातून उचलून कागदी दारांच्या जपानी घरात बसवणं सोपं नव्हतं, पण त्याने ते अस्सल जपानी करून दाखवलं.

सोजी शिमादाची 'टोक्यो झोडियाक मर्डर्स' (१९८१) वाचाच. लेखक मध्येच येऊन वाचकाला आव्हान देतो, साताऱ्याच्या ताईंनी सांगितलं तसं. आणि युकितो आयात्सुजीच्या 'डेकागॉन हाऊस मर्डर्स'मध्ये (१९८७) विद्यार्थ्यांनी एकमेकांना दिलेली टोपणनावंच एलरी, अगाथा, कार, पो अशी रहस्यलेखकांची आहेत. परक्या देशात, परक्या भाषेत ही ओळखीची नावं भेटल्यावर मला घरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

दुसऱ्यांदा वाचणारी, पुणे

माझा खरा आनंद दुसऱ्या वाचनात आहे. पहिल्या वाचनात मी अंदाज बांधते. दुसऱ्यात मी लेखिकेच्या हाताकडे बघते.

'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' १९२६ मध्ये आली तेव्हा काही वाचक भडकले होते, हा दगा आहे म्हणून. सेयर्सने ख्रिस्तीची बाजू घेतली: वाचकाने प्रत्येकावर संशय घ्यायचा असतो, ते त्याचं काम आहे. मी पूर्णपणे सेयर्सच्या बाजूची आहे. शेवट माहीत असताना ती कादंबरी पहिल्या ओळीपासून वाचून बघा. एकही वाक्य खोटं नाही. काही वाक्यांशी तर मी थबकले आणि पेन्सिलीने खूण केली, कारण त्यांत सगळं सांगितलेलं होतं आणि मी वाचूनही ते वाचलं नव्हतं.

हे ती कसं करते, याचा मी बराच विचार केला आहे. महत्त्वाची वस्तू ती कधी एकटी ठेवत नाही. टेबलावरच्या सहा-सात वस्तूंच्या यादीत ती मधोमध असते, आणि आपलं लक्ष यादीतल्या पहिल्या नाहीतर शेवटच्या वस्तूकडे जातं. खरी माहिती ती बडबड्या, कुणी मनावर न घेणाऱ्या पात्राच्या तोंडी घालते. घरातल्या शहाण्या माणसांसारखे आपणही त्या बाईकडे दुर्लक्ष करतो. एखादा पुरावा पुढे आला की लगेच कप फुटतो, दार वाजतं, कुणीतरी रडू लागतं, आणि आपण त्या गडबडीमागे धावतो. सगळ्यांत कमी संशयित वाटणारा तोच खुनी, असा आडाखा बरेच जण बांधतात. तिला हा आडाखाही ठाऊक होता. म्हणून कधीकधी ज्याच्यावर पहिल्याच पानावर संशय जातो आणि जो लगेच निर्दोष ठरतो, त्याच्याकडे पुन्हा बघावं लागतं.

एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने १९४५ मध्ये लेख लिहून विचारलं होतं की ॲक्रॉइडला कोणी मारलं याची पर्वा कोणाला आहे? मला आहे. समोर असलेलं न दिसण्याची सवय आपल्या डोळ्यांना किती खोलवर लागलेली असते, ते या पुस्तकांइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कशाने दाखवलं नाही.

नाशिक

फक्त एक आठवण. १९७५ मध्ये 'कर्टन' आली आणि पॉयरो गेला. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ६ ऑगस्टला त्याच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर छापली. वडिलांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा झाला होता. मी 'कर्टन' अजून उघडलेली नाही. बाकी सगळा पॉयरो आधी वाचायचा आहे.

वाई

आमच्या अण्णांना आता दिसत नाही. रोज रात्री जेवणं झाली की मी त्यांना वाचून दाखवतो, इंग्रजीतून वाचायचं आणि अवघड जागी मराठीत सांगायचं. ऐकणाऱ्याला पानं चाळता येत नाहीत, मागे जाऊन यादी तपासता येत नाही. तरी त्यांच्या लक्षात माझ्याहून जास्त राहतं. "थांब, ती मोलकरीण मघाशी म्हणाली की खिडकी बंद होती. आता उघडी कशी?" मी पानं उलटून बघतो. अण्णांचं बरोबर असतं.

सध्या सेयर्सची 'द नाइन टेलर्स' (१९३४) चालू आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडचा पाणथळ मुलूख, नवीन वर्षाची रात्र आणि चर्चच्या मनोऱ्यात सलग नऊ तास चाललेला घंटानाद, ठरलेल्या क्रमांचे १५,८४० फेर. अण्णा घंटांच्या क्रमांचं वर्णन दोनदा वाचायला लावतात. त्यांचा संशय एकावर पक्का बसला आहे, माझा दुसऱ्यावर. शेवटची प्रकरणं राहिली आहेत. ज्यांनी वाचली असेल त्यांनी रविवारपर्यंत या पुस्तकाबद्दल काही लिहू नये, ही अण्णांची विनंती.