टाहोच्या थंडीत स्वयंपाकासाठी कोणता स्टोव्ह? मदत हवी आहे

सप्टेंबरअखेर कॅलिफोर्नियातल्या लेक टाहोच्या शुगर पाइन पॉइंट स्टेट पार्कमध्ये सहा जण दोन रात्री राहणार आहोत. तळं सुमारे 6,225 फुटांवर, त्यामुळे पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ-तांदळाला कुकर हवाच.

खरी अडचण गॅसची. सध्या 8 औंस ब्यूटेन कॅनचा एक-बर्नर स्टोव्ह आहे. ब्यूटेन शून्याच्या जवळपास वायू होणं थांबवतं, आणि तिथे पहाटे पारा तेवढा उतरू शकतो. त्यात गॅस उडताना कॅन आणखी गार पडतो, म्हणून अर्धा कॅन शिल्लक असूनही ज्योत मिणमिणते. कॅन तापवायचा नाही, हे पक्कं. म्हणून अशा थंडीतही वायू होणाऱ्या प्रोपेनच्या 1 पाउंडाच्या बाटलीवरचा दोन-बर्नर स्टोव्ह घ्यावा असं वाटतं.

जाणकारांनी कृपया सांगावं: 5 लिटरचा कुकर आणि चहाचं पातेलं शेजारी मावतं का? स्टोव्हचे वारा अडवणारे पत्रे कुकरच्या हँडलला अडतात का? सकाळ-संध्याकाळ चहा आणि दोन वेळची खिचडी-भाजी, एवढ्याला किती बाटल्या पुरतील?

आणखी एक, अस्वलांमुळे खाण्याचं सगळं, टूथपेस्ट-साबणासकट, लोखंडी लॉकरमध्ये ठेवावं लागतं. मसाल्याचा वास लागलेला कुकरही त्यातच जाणार. सहा जणांचं सामान एका लॉकरमध्ये बसतं का?